जुन्या जीपचं काम: आधी शू, मग हवा

जीपच्या ब्रेकचं काम एकदाचं मार्गी लागलं. चाकातले शू ढकलणाऱ्या चारही व्हील सिलिंडरचे रबरी कप बदलले, पेडल दाबल्यावर ऑईल ढकलणाऱ्या मास्टर सिलिंडरला नवं किट टाकलं, मागचा गंजलेला पाईपही नवा बसवला. एवढी जोडणी उघडली म्हणजे लाइनीत हवा शिरणारच. ब्रेक ऑईल दाबलं जात नाही, हवा दाबली जाते, म्हणून पायाचा जोर तिथंच जिरतो. शिवाय या गाडीचा मास्टर सिलिंडर जुन्या पद्धतीचा, एकाच सर्किटचा. एका चाकातल्या हवेनं चारही चाकांचा ब्रेक मऊ पडतो.

तरीही निपलला (हवा काढायच्या चाकामागच्या स्क्रूला) पाना लावायच्या आधी शू, म्हणजे ड्रमला आतून घासणारे ब्रेकचे पट्टे, ॲडजस्ट करा, हे मी ठासून सांगेन. ड्रमपासून शू लांब असले की पेडल खोल जातं आणि माणूस उगाच हवा काढत बसतो, ऑईल मात्र वाया जातं. फरक पायाला कळतो. भराभर पंप मारल्यावर पेडल वर येऊन टणक झालं तर शू ढिले आहेत; वर येऊनही लिबलिबत राहिलं तर हवा आहे. मी चाक उचलून हातानं फिरवत ॲडजस्टर आवळला आणि चाक अडल्यावर ते मोकळं फिरेल इतपतच सैल केला.

मग मास्टर सिलिंडरहून सगळ्यात लांबच्या चाकापासून सुरुवात. उजव्या स्टेअरिंगच्या जीपला मागचं डावं, मागचं उजवं, पुढचं डावं आणि शेवटी पुढचं उजवं. मोंढ्यात फवारणी पंपाच्या दुकानात पारदर्शक नळी मिळाली, ती निपलवर घट्ट बसली. तिचं दुसरं टोक बाटलीतल्या ऑईलात बुडवलं. पुतण्या पेडलवर, मी चाकापाशी.

"दाब."

"दाबलं काका."

निपल थोडा सैल केला. आधी फेस, मग चहाच्या रंगाचं ऑईल.

"खाली टेकलं."

निपल बंद. "आता सोड, सावकाश."

निपल उघडा असताना पेडल सुटलं तर आट्यांतून हवा परत आत ओढली जाते, म्हणून हे मोठ्यानं बोलायलाच हवं. मागच्या डाव्या चाकाला बारीक बुडबुडे थांबेचनात. पाईपवर पान्याच्या दांड्यानं हलकं ठोकलं, तेव्हा कुठं एक लांबट बुडबुडा नळीत सरकला आणि मागून स्वच्छ धार लागली. फार समाधान वाटलं! मधे मधे मास्टर सिलिंडरच्या टाकीत ऑईल भरत राहा. ती रिकामी झाली की सगळं पहिल्यापासून.

ऑईल सीलबंद डब्यातलंच घ्या, ते हवेतली ओल शोषतं. डॉट ३ दर्जाचं ब्रेक ऑईल कोरडं असताना किमान २०५ अंशांना उकळतं, ओल शोषल्यावर ही मर्यादा १४० पर्यंत खाली येते. कन्नडहून चाळीसगावकडे औट्रम घाट उतरताना ड्रम तापले की असं ऑईल उकळून वाफ होते आणि पेडल बसतं. आणि कप डिझेलनं धुऊ नका, रबर फुगतं.

शेवटी पेडल जोरात दाबून धरलं. ते हळूहळू खाली जात असतं आणि बाहेर गळती नसती, तर मास्टर सिलिंडर परत खोलावा लागला असता. आमचं जागचं हललं नाही. आता प्रोपेलर शाफ्टवरच्या (इंजिनाचा जोर चाकांकडे नेणाऱ्या दांड्यावरच्या) ड्रमचा हँडब्रेक उघडायचा आहे.