रात्रीचा माज

"डॉक्टर, चांदणीची पट्टी पेटली!"

सकाळचे सव्वासहा वाजले होते. फोनवर तात्यांचा धाकटा, आणि त्याच्यामागे मिल्किंग मशीनची घरघर. मी अंथरुणातूनच विचारलं, "पूर्ण की अर्धी?"

"पूर्ण केशरी. राखाडी कणभर शिल्लक न्हाई. आन 4417ची बी निम्मी गेलीय. दोन कांड्या घेऊन या."

पट्टी म्हणजे गाईच्या पुठ्ठ्यावर चिकटवलेला, माज (गाभण राहण्याची वेळ) आला की रंग बदलणारा स्टिकर, आणि कांडी म्हणजे कृत्रिम रेतनासाठी गोठवलेलं वीर्य. चांदणी म्हणजे तीच गाय, जिच्याबद्दल मी पंधरा दिवसांपूर्वी स्वतःच्या तोंडाने सांगितलं होतं, "तात्या, आता हिच्यामागे खर्च नका करू. लोणीच्या बाजाराला लावा." व्यापारी शनिवारी बघायला येणार होता. हा फोन आला गुरुवारी.

संगमनेर तालुक्यात मी 19 वर्षं डॉक्टरकी करतोय. तात्यांकडे पूर्वी दावणीला 12 गाई असायच्या. गाय माजावर आली की हंबरून गल्ली जागी करायची, वैरण टाकायची, दूध चोरायची, शेपटीखाली सोटाची, म्हणजे चिकट स्रावाची, तार लोंबायची. काकू अंगण झाडता झाडता सांगायच्या, "अमुक आज माजावर हाय, डॉक्टरला बोलवा." पाच वर्षांपूर्वी मुक्त संचार गोठा झाला, गाई 38 झाल्या, बहुतेक एचएफ (होल्स्टीन फ्रिजियन) संकरित. गाईंचं सुख वाढलं, दूधही वाढलं. पण काकूंची नजर आता 38 पुठ्ठ्यांवर कुठे पुरणार? गोठ्यात कॅमेरा होता, तोही पेंडीच्या खोलीवर रोखलेला. चोर पेंड नेतो, माज थोडाच नेणार!

खरं तर मोकळ्या गाईत माज ओळखायची सर्वांत पक्की खूण मिळते. दुसरी गाय अंगावर उडते आणि ही जागची न हलता उभी राहते, तोच खरा माज. उडणारी गाय माजावर असेलच असं नाही, उभी राहणारी मात्र असतेच. पण हे उभं राहणं एका वेळी काही सेकंदांचं. जास्त दुधाच्या गाईत सगळा माजच कधी कधी सात-आठ तासांत आटोपतो. आणि हा खेळ निम्म्याहून जास्त चालतो रात्री, माणूस झोपल्यावर. सकाळी आपण गोठ्यात पाय ठेवतो तेव्हा सगळ्या जणी रवंथ करत बसलेल्या, जशा काही त्या गावच्याच नाहीत.

चांदणी तिसऱ्या वेताची. विऊन पाच महिने झाले, एकदाही माजावर दिसली नाही. तिसऱ्या महिन्यात मी हात घालून तपासलं तर डाव्या बीजांडावर पीतपिंड (बीज सुटल्यावर मागे उरणारी गाठ) होता. म्हणजे चक्र चालू होतं, फक्त दिसत नव्हतं. कागदावर लिहिलं, "मुका माज". माजावर आणायचं इंजेक्शन दिलं आणि सांगितलं, दोन ते पाच दिवसांत येईल, लक्ष ठेवा. त्यांनी लक्ष ठेवलं. सकाळी धारेला आणि संध्याकाळी धारेला. काही दिसलं नाही. पुन्हा तपासणी, पुन्हा इंजेक्शन, खनिज मिश्रण, पुन्हा काही नाही. मग मी तो बाजाराचा सल्ला दिला. डॉक्टरला उपाय सुचेनासा झाला की दोष गाईचाच असतो.

पट्ट्या आल्या त्या तात्यांच्या पाहुण्यांकडून. त्यांचा मुलगा न्यूझीलंडमध्ये एका डेअरीवर कामाला आहे. तिथे शेकडो गाई रानात चरतात, बहुतेक सगळ्या जुलै-ऑगस्टमध्ये वितात, आणि ऑक्टोबरच्या शेवटापासून काही आठवड्यांत सगळ्यांना भरवायचं, म्हणजे गाभण करायचं असतं. धारेच्या वेळी माणूस खाली खड्ड्यात उभा असतो आणि गाई पाठमोऱ्या समोर येतात. पुठ्ठ्यावर रंग दिसला की ती बाजूला काढायची. तो मुलगा दिवाळीला आला तेव्हा पिशवीत 20 पट्ट्या घेऊन आला.

पट्टी हाताच्या पंजाएवढी, मागून चिकट. वरून राखाडी मुलामा, खाली झगझगीत केशरी. मोबाइलच्या रिचार्जचं कार्ड आपण नखाने खरवडायचो ना, अगदी तसंच. कमरेची हाडं आणि शेपटीचं मूळ यांच्या मधोमध आडवी चिकटवायची. अंगावर उडणाऱ्या गाईची छाती तिथे घासते आणि मुलामा निघत जातो. निम्म्याहून जास्त निघाला तर गाय माजावर असल्याचा संशय धरायचा.

मी हसलो होतो. म्हटलं, "हे स्टिकर आमचं काम करणार?" पहिल्या दिवशी तर मलाच खरं ठरवलं त्यांनी. धाकट्याने थंडीत, दवाने ओलसर केसांवर चार पट्ट्या चिकटवल्या. सकाळी तीन शेणात आणि चौथी एका कालवडीच्या तोंडात. मग तात्यांच्या सूनबाईंनी, म्हणजे ताईंनी, ते काम हातात घेतलं. दुपारच्या उन्हात गाय उभी करायची, खराऱ्याने धूळ आणि सुटे केस झाडायचे, पट्टी तोवर ओढणीत गुंडाळून काखेत ऊब देत ठेवायची, लावल्यावर तळहाताने दाबून धरायची. त्या पट्ट्या मग कोणाच्या बापाला निघाल्या नाहीत.

सोमवारी धाकटा म्हणाला, "बाजाराला न्यायच्या आधी एकडाव बघू." मी तपासलं, पीतपिंड होता, तिसरं इंजेक्शन दिलं. ताईंनी पट्टी लावली. शिवाय जिथे शंका होती अशा नऊ गाईंनाही लावल्या. भरवून दोन महिने झाले पण तपासणी राहिली, अशाही काही त्यात होत्या. ती तपासणी राहिली ती माझ्यामुळे. लाळ्या-खुरकूतच्या लसीकरणात मी महिनाभर अडकलो होतो आणि "उद्या येतो, परवा येतो" करत होतो.

तर गुरुवारी साडेसातला मी पोचलो. चांदणी गव्हाणीला उभी, इतर गाईंसारखीच खात. पण पट्टी लांबूनच दिसली, झेंडूच्या फुलासारखी. जवळ जाऊन बघितलं आणि वाचायला लागलो. पुठ्ठ्यावरचे केस उलटे फिरलेले. दोन्ही बाजूंना फासळ्यांवर खुरांनी उमटलेले शेणाचे ओरखडे. शेपटीला वाळलेला सोट. एवढ्या खुणा, आणि पाच महिने कोणाला दिसल्या नाहीत?

"आज गड्याला धुऊ दिलं न्हाई म्हणून दिसतंय," ताई म्हणाल्या. गडी रोज पहाटे पाचला, अंधारातच, धारेआधी पाइपने गाईंचे पुठ्ठे, मांड्या, शेपट्या धुऊन काढायचा. म्हणजे रात्री जे काही व्हायचं त्याचा पुरावा रोज पहाटे गटारात जात होता. स्वच्छतेबद्दल त्या गड्याचं कौतुक मीच केलं होतं.

हात घालून बघितलं. गर्भाशय ताठर, उजव्या बीजांडावर पिकलेल्या बीजाचा टपोरा फुगा, हात बाहेर काढताना अंड्याच्या पांढऱ्यासारखा स्वच्छ सोट. शंकेला जागाच नव्हती. ताईंनी रात्री साडेदहाला मोबाइलवर फोटो काढून ठेवला होता, त्यात पट्टी राखाडी. पहाटे पाचला केशरी. म्हणजे माज या साडेसहा तासांत कधीतरी सुरू झाला. बीज सुटतं ते माज सुरू झाल्यापासून साधारण 24 ते 32 तासांनी. म्हणून तर सकाळी दिसली तर संध्याकाळी भरवा आणि संध्याकाळी दिसली तर सकाळी, हा नियम. संध्याकाळी पाचला भरवलं तर कसंही मोजा, 12 ते साडेअठरा तास होत होते. म्हटलं, "संध्याकाळी येतो."

धाकट्याचं म्हणणं होतं की बहुधा कालवडीच होणारी, सॉर्टेड सिमेनची कांडी वापरू. मी साफ नाही म्हणालो. त्या कांडीत शुक्राणू मुळात कमी असतात, वेळही काटेकोर सांभाळावी लागते. ती धडधाकट कालवडींसाठी ठेव, पाच महिने रुसलेल्या गाईवर नको.

इथवर सगळं बरं चाललं होतं. स्टिकरला हसणारा मी आता स्टिकरचा भक्त झालो होतो. आणि मग 4417.

हिला नाव नाही, बिल्ल्याच्या बारा आकड्यांतले शेवटचे चार एवढीच ओळख. पट्टी निम्म्याहून थोडी जास्त केशरी. धाकटा म्हणाला, काल संध्याकाळी धारेलाच थोडी घासलेली दिसली होती. म्हणजे नियमाने हिला आत्ताच भरवायला हवं. मी नायट्रोजनच्या कंटेनरमधून कांडी काढली, 37 अंशाच्या पाण्यात 30 सेकंद धरली, पुसली, टोक कापून भरवायच्या गनमध्ये भरली. डाव्या हातात खांद्यापर्यंतचा मोजा. तेवढ्यात ताई वही घेऊन आल्या.

"डॉक्टर, ही 4417 ना? हिला तुम्हीच भरवलीय. 68 दिवस झाले."

"मग उलटली असेल," मी म्हणालो. उलटली म्हणजे गाभण न राहता पुन्हा माजावर आली. हिशेब जुळत होता. 21 दिवसांचं चक्र, 18 ते 24 दिवसांचा फरक धरला तर तिसरा फेरा 68व्या दिवशी येऊ शकतो.

"मधी दोनदा न्हाई उलटली," त्यांनी बोट ठेवून दाखवलं. दोन्ही तारखांच्या आसपास आठवडाभर त्यांनी रोज लिहिलं होतं, "काही नाही."

एरवी कुठलीही गाय भरवताना मी आधी रिकामा हात घालून गर्भाशय चाचपतो. त्या दिवशी गन दातात धरून थेट कामाला लागलो होतो. का? पट्टीने सांगितलं होतं म्हणून. मी गन बाजूला ठेवली आणि हात घातला. गर्भाशयाचं उजवं शिंग (फाटा) जाड केळ्यासारखं फुगलेलं, आत पाणी हलत होतं. भिंत चिमटीत धरून सोडली तर आतला पडदा बोटांतून निसटला. गाय गाभण होती. गन गर्भाशयाच्या मुखातून पुढे सरकली असती तर तिथला चिकट बूच फुटला असता, आणि आठ-दहा दिवसांत तात्यांनी फोन केला असता, "डॉक्टर, 4417 गाभडली, काय कारण असंल?" मीही कारणं सांगितली असती. चारा, बुरशी, ब्रुसेला. स्वतःचं नाव त्या यादीत आलं नसतं.

भरलेली कांडी परत गोठवता येत नाही. ती फेकली. तात्या इतका वेळ खाटेवर तंबाखू मळत बसले होते, ते म्हणाले, "जाऊ द्या. कांडीच गेली ना."

मग घासली कशाने? गाभण गाईही क्वचित माज दाखवते, पण इथे सोट नव्हता, खुरांचे ओरखडे नव्हते. पट्टीही एका कडेने, तिरपी घासलेली होती. धाकटा कुंपणाकडे फिरून आला आणि हाक मारली. कुंपणाचा वरचा पाइप एका जागी वाकला होता, नेमका गाईच्या पुठ्ठ्याच्या उंचीवर. त्याच्या खालच्या अंगाला केस आणि राखाडी चुरा. 4417ची शेपटी उचलून बघितली तर मुळाशी गोचिडांची वसाहत. बाई खाजवत होती. मी गोचिडांचं औषध लिहून दिलं. त्या दिवशी तिला माझा झालेला उपयोग एवढाच.

संध्याकाळी सव्वापाचला चांदणीला भरवलं. शनिवारी व्यापारी आला, चहा पिऊन गेला.

ताईंनी तिला नवी पट्टी लावली आणि सतराव्या दिवसापासून रोज सकाळ-संध्याकाळ तिच्या पुठ्ठ्याचा फोटो मला पाठवू लागल्या. माझी मुलगी एकदा फोनमध्ये सहलीचे फोटो शोधत होती, तिला ओळीने गाईंची मागची बाजूच दिसत गेली. विसाव्या दिवशी पहाटेच्या फोटोत पट्टी केशरी. चांदणी उलटली होती, पुन्हा रात्रीच. या वेळी मीही शिकलो होतो. आधी रिकामा हात, मग गन. दुसऱ्यांदा भरवल्यावर मात्र पट्टी राखाडीच राहिली. साठाव्या दिवसाची तारीख मी भिंतीवरच्या कॅलेंडरवर लाल पेनाने लिहून ठेवली होती, त्याच दिवशी जाऊन तपासलं. गाभण.

पट्ट्या तोवर संपल्या. ताईंनी डोकं चालवलं. वाटेवरच्या धनगरांकडून गेरू आणला, डिंकाच्या पाण्यात कालवून शेपटीच्या मुळावर जाड पट्टा ओढायला सुरुवात केली. पुसला गेला की वहीत लिहायचं, मग पाइप बघायचा, मग मला फोन. दोन-तीन दिवस टिकतो. मध्ये अवकाळी पाऊस आला तेव्हा 11 गाईंचा गेरू एकाच रात्रीत गेला. सकाळी सहाला ताईंचा मेसेज: "डॉक्टर, आज सगळ्याच माजावर. येऊ नका."