पॅरामीटर १४ आणि न उघडणारं मॅन्युअल

गोव्यातल्या वेर्ण्याच्या औद्योगिक वसाहतीतल्या एका औषध कारखान्यातली ब्लिस्टर मशीन, म्हणजे गोळ्यांची पाकिटं फॉइलने सील करणारी. सीलिंग प्लेटचा हीटर आणि त्याचा थर्मोकपल, म्हणजे तापमान मोजणारा सेन्सर, बदलला, आणि सकाळच्या पाळीत ऑपरेटर म्हणाला, "बाब, सील धरिना." पडद्यावर तापमान बरोबर १८० अंश, पण फॉइल बोटाने सुटत होती.

जुन्या सेन्सरची वायर हिरवी, नव्याची काळी. म्हणजे के प्रकारचा थर्मोकपल जाऊन जे प्रकारचा आला होता. तितक्याच तापमानाला जे सेन्सर जास्त मिलिव्होल्ट देतो. तापमान सांभाळणारा कंट्रोलर त्याला के समजून वाचतो आणि हीटर लवकर बंद करतो. पडद्यावर १८० असताना प्लेट प्रत्यक्षात १४० अंशांच्या आसपास असते. के सेन्सर स्टोअरमध्ये नव्हता, त्यामुळे सेटिंग बदलणं भाग होतं. कंट्रोलरमध्ये ते पॅरामीटर १४, आत्ताची किंमत २. जे सेन्सरसाठी कोणती किंमत? औषधाच्या लाइनवर अंदाजाने आकडे टाकून बघता येत नाहीत.

केबिनमध्ये मॅन्युअलची छापील फाइल होती. तिथे 'पॅरामीटर १४' समोर 'सेन्सरचा प्रकार' या अर्थाचे इंग्रजी शब्द अधोरेखित, आणि पुढे काहीच नाही. मूळ मॅन्युअल सीडीवर डॉट एचएलपी फाइलमध्ये, म्हणजे विनहेल्प या विंडोज ३.० पासूनच्या मदत-पद्धतीत. त्यात तुटक रेषेने अधोरेखित शब्दावर क्लिक केलं की छोटी चौकट उघडते. ती चौकट म्हणजे वेगळं पान असतं, मुख्य पान छापताना ती येत नाही. अशा मॅन्युअलची छापील प्रत पूर्ण आहे असं कधीच धरू नये. नेमके आकडे चौकटीत असू शकतात.

विंडोज १० वर ही फाइल उघडत नाही. व्हिस्टापासून विनहेल्प सोबत येणं बंद झालं. ८.१ पर्यंत वेगळं डाउनलोड मिळत असे, १० साठी तेही नाही. फाइल शाबूत आहे का, हे आधी हेक्स एडिटरमध्ये, म्हणजे फाइलचे कच्चे बाइट दाखवणाऱ्या साधनात, बघावं: पहिली दोन अक्षरं प्रश्नचिन्ह आणि अंडरस्कोर असली तर ती खरी विनहेल्प फाइल. आमची होती.

मग हेल्पडेको. हे छोटं कमांड लाइन साधन एचएलपी फोडून आरटीएफ (वर्डमध्ये उघडणारा मजकूर) आणि चित्रं वेगळी काढतं. सीडी आधी पूर्ण कॉपी करावी, डॉट सीएनटी फाइलसकट, कारण अनुक्रमणिका तिच्यात असते. हेल्पडेकोची १६ बिटची डॉस आवृत्ती ६४ बिट विंडोजवर चालत नाही, ३२ बिटची घ्यावी.

आरटीएफ वर्डमध्ये उघडून लपवलेला मजकूर दाखवायला सांगितला. दुहेरी अधोरेखन म्हणजे दुसऱ्या पानावर उडी, एकेरी म्हणजे चौकट, आणि त्या शब्दाला चिकटून लपवलेलं असतं पानाचं नाव. एचएलपीमध्ये मूळ नावं नसतात, फक्त त्यांचे हॅश, म्हणजे नावावरून काढलेले आकडे, असतात. म्हणून बरीचशी नावं हेल्पडेकोनेच बनवलेली असतात. 'सेन्सरचा प्रकार'पुढचं नाव कॉपी केलं आणि # खुणेच्या तळटीपांत शोधलं. सापडलेलं पान चार ओळींचं. जे म्हणजे १, के म्हणजे २, आणि खाली सूचना: किंमत बदलल्यावर कंट्रोलर बंद करून चालू करा. ही सूचना अंदाजाने आकडे टाकून बघणाऱ्याला कधीच कळली नसती.

पॅरामीटर १४ ची किंमत १ केली, मशीन बंद करून चालू केली, प्लेटवर वेगळा तापमापक लावून १८० ची खात्री केली, मगच फॉइल चढवली.

पुरवठादाराने दुपारी मॅन्युअलची नवी आवृत्ती पाठवली, ती सीएचएम, म्हणजे विनहेल्पनंतरच्या मदत-फाइलच्या प्रकारात. डावीकडे यादी, उजवीकडे कोरं पान. ईमेलने आलेल्या फाइलवर विंडोज ती बाहेरून आल्याची खूण लावतं. प्रॉपर्टीजमध्ये अनब्लॉक करावं लागतं. तरीही कोरंच, कारण फोल्डरच्या नावात # होतं. नेटवर्क ड्राइव्हवरूनही अशी फाइल २००५ च्या सुरक्षा अपडेटपासून उघडत नाही, ती स्थानिक डिस्कवर आणावी. ७-झिपने सीएचएम सरळ फुटते आणि आतली एचटीएमएल पानं कुठल्याही ब्राउझरमध्ये वाचता येतात. पण पानात एन्कोडिंग, म्हणजे अक्षरं साठवण्याची पद्धत, लिहिलेलं नसेल तर ± आणि अंशाची खूण बिघडते, आणि ± ५ चं नुसतं ५ वाचलं जातं. पानं विंडोज-१२५२ म्हणून उघडून यूटीएफ-८ मध्ये साठवली, आणि सहनशीलतेचा (किती फरक चालतो त्याचा) प्रत्येक आकडा मूळ पानाशी ताडून पाहिला.