तापली की बंद पडणारी गाडी

माझी मोटरसायकल १०० सीसीची, एका सिलिंडरची, चार-स्ट्रोक आहे आणि तिने तिशी ओलांडली आहे. तेल बदलणे, टॅपेट लावणे, चेन ताणणे, कार्ब्युरेटर (पेट्रोल आणि हवा यांचे मिश्रण करणारा भाग) साफ करणे अशी कामे मी अनेक वर्षे घरीच करत आलो आहे. त्यामुळे तिचा प्रत्येक आवाज आपल्या ओळखीचा आहे, असा माझा एक समज झाला होता. एका रविवारी सकाळी आठपासून संध्याकाळी सहापर्यंत तिने तो समज हळूहळू उतरवला.

तक्रार साधी होती. थंड गाडी पहिल्या किकला सुरू होई, पंधरा-वीस मिनिटे उत्तम चाले आणि मग कोणीतरी चावी फिरवावी तशी एकदम बंद पडे. त्यानंतर कितीही किक मारल्या तरी दाद देत नसे. पण अर्धा तास उभी ठेवली की काही झालेच नाही अशा थाटात पुन्हा सुरू होई.

माझा पहिला संशय टाकीच्या झाकणावर गेला. झाकणाला हवा आत येण्यासाठी एक बारीक छिद्र असते. ते बुजले तर पेट्रोल खाली उतरताना टाकीत पोकळी निर्माण होते आणि काही वेळाने कार्ब्युरेटरला पेट्रोल मिळेनासे होते. जुन्या गाड्यांत हा दोष नेहमीचाच आहे आणि त्याची लक्षणेही अशीच असतात. गाडी बंद पडल्यावर मी थोडा वेळ किक मारल्या, मग हत्यारे आणली, झाकण उघडले, छिद्रात बारीक तार घालून ते साफ केले आणि किक मारली. गाडी सुरू झाली! मी हात पुसले आणि दुरुस्ती संपली असे जाहीर करून टाकले. प्रत्यक्षात माझ्या या सगळ्या उद्योगात इंजिन निवण्याइतका वेळ निघून गेला होता, एवढेच. झाकण अगदी सैल ठेवून फेरी मारली तेव्हा गाडी सोळाव्या मिनिटाला पुन्हा थांबली. गाडी थांबताक्षणी कार्ब्युरेटरची नळी काढून बाटलीत पेट्रोलची धार पाहिली असती, तर हा प्रश्न अर्ध्या मिनिटात निकाली निघाला असता. पण सापडलेल्या उत्तरावर मी इतका खूश होतो की ते तपासून पाहण्याची गरजच मला वाटली नाही.

दुसऱ्या वेळी प्लग, म्हणजे सिलिंडरमध्ये ठिणगी पाडणारा स्पार्क प्लग, काढला. तो ओला होता आणि त्याला पेट्रोलचा वास येत होता. ओला प्लग म्हणजे पेट्रोल सिलिंडरपर्यंत पोहोचते आहे, पण जळत नाही. यावरून ठिणगीचा संशय यायला हवा होता. मी मात्र प्लग पुसून हेडच्या, म्हणजे सिलिंडरवरच्या झाकणाच्या, धातूच्या पात्यांना टेकवला, भावाला किक मारायला सांगितली आणि निळी, ठसठशीत ठिणगी पाहून समाधान मानले. ठिणगी आहे आणि प्लग ओला आहे, म्हणजे पेट्रोल जास्त येत असणार, कार्ब्युरेटरमध्ये येणारे पेट्रोल अडवणारी फ्लोटची सुई नीट बसत नसणार, असा निष्कर्ष मी काढला. त्यात तर्काची चूक नव्हती. चूक होती ती ठिणगी पाहण्याच्या वेळेत. इंजिन गरम असताना प्लग काढू नये, नाहीतर हेडच्या मऊ अ‍ॅल्युमिनियममधले आटे प्लगबरोबर निघून येण्याची भीती असते. तो नियम पाळून मी चांगली पंचवीस मिनिटे थांबलो होतो आणि तेवढ्या अवधीत ठिणगी परत आली होती.

दुपार कार्ब्युरेटरमध्ये गेली. फ्लोटच्या वाटीच्या चारपैकी एका स्क्रूची खाच मी चुकीच्या पेचकसाने खराब केली. जपानी मानकाच्या स्क्रूच्या डोक्यावर बहुधा एक छोटा ठिपका असतो आणि त्याची खाच नेहमीच्या फुलीच्या स्क्रूपेक्षा थोडी वेगळी असते. साधा पेचकस तिच्यातून जोर लावताच वर सरकतो आणि खाच खाऊन टाकतो. हे मला माहीत होते, तरीही योग्य पेचकस शोधायचा आळस केला. वाटीच्या तळाशी चिमूटभर गाळ निघाला, जेट, म्हणजे पेट्रोलची बारीक छिद्रे, स्वच्छ होते आणि सुई व्यवस्थित बसत होती. सगळे पुन्हा जोडून निघालो. चौदाव्या मिनिटाला गाडी थांबली.

तेव्हा कुठे मी वहीत वेळा मांडल्या. सकाळच्या गारव्यात बावीस मिनिटे, नंतर सोळा, भर उन्हात चौदा. गाडी किती अंतर गेली किंवा टाकीत किती पेट्रोल होते याच्याशी या आकड्यांचा मेळ बसत नव्हता. मेळ बसत होता तो फक्त तापण्याशी. मग जुना, पण चांगला असलेला एक प्लग मी खिशात घेतला. इंजिनातला प्लग काढायचाच नाही, फक्त त्याची टोपी ओढून खिशातल्या प्लगवर बसवायची, तो प्लग हेडला टेकवून धरायचा आणि गाडी थांबल्यापासून पाच-दहा सेकंदांत ठिणगी पाहायची, असे ठरवले. या पद्धतीत आटे सुरक्षित राहतात आणि प्लगचे छिद्र बंद असल्यामुळे पेट्रोलची वाफ ठिणगीजवळ येण्याचा धोकाही टळतो.

गाडी अंगणात उभी करून चालू ठेवली. समोरून वारा लागत नसल्याने ती अकरा मिनिटांतच थांबली. मी टोपी खिशातल्या प्लगवर चढवली आणि भावाने किक मारली. आम्ही दोघे सावलीत वाकून पाहत होतो. पाच-सहा किक झाल्यावर तोच म्हणाला, "दादा, करंटच नाही."

त्यानंतरचे काम तुलनेने सोपे होते. या गाडीत मॅग्नेटोची (इंजिनाबरोबर फिरून वीज तयार करणाऱ्या भागाची) एक कॉइल सीडीआयमधला, म्हणजे ठिणगीचे नियंत्रण करणाऱ्या डबीतला, कपॅसिटर भारते आणि तो भार केव्हा सोडायचा याची सूचना दुसरी छोटी पिकअप कॉइल देते. सूचना आली नाही तर भार तसाच पडून राहतो आणि ठिणगी पडत नाही. चावीची वायर कुठेतरी बॉडीला टेकली तरी हाच परिणाम होतो, म्हणून आधी ती सीडीआयपासून सुटी केली. (ती सुटी असताना चावीने इंजिन बंद होत नाही, हे ध्यानात ठेवावे लागते.) फरक पडला नाही. मग पिकअपच्या दोन वायरींना मल्टिमीटर लावला. काटा असलेला मीटर असता तर तो जागचा हलला नसता. माझ्या डिजिटल मीटरने 'ओएल' दाखवले, म्हणजे मार्ग तुटलेला. आम्ही मीटर तसाच लावून बसलो. चोवीस मिनिटांनी पडद्यावर अचानक २३० ओहम उमटले आणि पुढे ते सावकाश २१४ पर्यंत उतरले.

बाजूचे कव्हर उघडून कॉइल बाहेर काढली आणि तिच्यावर हेअर ड्रायर धरला. तांबे तापले की त्याचा रोध दर अंशाला सुमारे ०.४ टक्के वाढतो, त्यामुळे २१४ चा आकडा हळूहळू चढणे अपेक्षितच होते. तो २४० च्या आसपास पोहोचला आणि एकदम 'ओएल' झाला. वेटोळ्यातली केसाएवढी तार कुठेतरी तुटलेली होती. थंड असताना तिची टोके एकमेकांना टेकत आणि तापून सगळे प्रसरण पावले की दूर होत. दिवसभरात मला इतका आनंद दुसऱ्या कशानेच झाला नव्हता. बिघाड हुकमी घडवता आला की तो निम्मा हातात येतो.

नवी कॉइल आणून पुढच्या रविवारी बसवली. तिच्या वायरींचे रंग जुन्यापेक्षा निराळे होते आणि त्या उलट जोडल्या तर ठिणगीची वेळ बदलते, म्हणून पुस्तिकेतील आकृतीशी दोनदा ताडून पाहिल्या. कॉइल आणि रोटरमधले (मॅग्नेटोच्या फिरत्या चाकामधले) अंतर फिलर गेजने, म्हणजे फट मोजायच्या पातळ पट्टीने, लावले, कव्हरला नवे गॅस्केट घातले आणि खिशात तोच जुना प्लग ठेवून निघालो. चौदावे मिनिट गेले, बाविसावे गेले. पन्नासाव्या मिनिटाला मीच गाडी बंद केली आणि लगेच किक मारून पुन्हा सुरू केली.

जुन्या कॉइलमध्ये तार नेमकी कुठे तुटली होती ते पाहण्यासाठी मी वरचे राळेचे आवरण करवतीने कापले. कापताना आणखी चार ठिकाणी तार तुटली, त्यामुळे मूळची तूट कोणती ते कळलेच नाही. कार्ब्युरेटरचा तो खाच गेलेला स्क्रूही अजून तसाच आहे.