डावऱ्या हाताला कुठली .३२? निवड कुठवर आली

मंडळी, लायसन्स हातात पडलं, आता मुदतीत खरेदी करायची. ग्वाल्हेरच्या लष्कर भागात दुकान, रात्री रोकड घेऊन घरी जाणं, म्हणून हँडगनच. नऊ एमएम, .३८, .४५ हे बोअर (नळीची मापं) आपल्यासारख्या सामान्य नागरिकांना कायद्याने वर्ज्य, त्यामुळे गाडी .३२ वर येऊन थांबते.

अंगावर बाळगायची तर झाकूनच. २०१६ चे शस्त्र नियमही तेच सांगतात: सार्वजनिक जागी हँडगन होल्स्टरमध्ये आणि पूर्ण झाकलेली हवी. आमच्या ग्वाल्हेरकडे मिरवायची हौस दांडगी, लग्नातले हर्ष फायर (आनंदात हवेत गोळ्या झाडणं) तर विचारूच नका; असो. मे महिन्यात पारा पंचेचाळिशीला टेकतो, तेव्हा जाकीट घालणार कोण? सुती सदऱ्याखाली लपेल ते खरं. या हिशेबाने अशनी पिस्तूल सरस: चपटं, कमरेला चिकटून बसणारं. रिव्हॉल्व्हरचं सिलिंडर, म्हणजे काडतुसांचा फिरता गोल, फुगवटा दाखवतंच.

पण मी डावरा. डीलरकडे रिकामं अशनी हातात घेतलं तर सेफ्टीचा खटका डाव्या अंगाला, म्हणजे उजव्या अंगठ्याच्या सोयीची. झाडलेल्या काडतुसाचं टरफलही उजवीकडे, माझ्या तोंडासमोरून उडणार. २०२३ साली आलेलं प्रबळ रिव्हॉल्व्हर पाहिलं: ७६ मिमी नळी, वजन ७०० ग्रॅम, साइड स्विंग (सिलिंडर बाजूला उघडणारं). काम देखणं आहे, पण सिलिंडर डावीकडे उघडतं. भरताना मला दर वेळी हात बदलावा लागेल.

उरलं कानपूरचं निर्भीक रिव्हॉल्व्हर, २०१४ चं. जुन्या इंग्रजी वेबली रिव्हॉल्व्हरच्या घाटाचं, मधून मोडणारं. नळी खाली पाडली की सगळी टरफलं एकदम वर येतात. त्यात डावं-उजवं काही नाही. उघडायचा खटका तेवढा डाव्या बाजूला, तो तर्जनीने दाबता येतो. वजन पाचशे ग्रॅमच्या आसपास.

हलकेपणाची किंमत हाताला मोजावी लागते. आखूड नळीत नेमाची माशी (पुढचं टोक) आणि खाच (मागची) इतकी जवळ की केसभर चूक लांबवर वीतभर होते. शिवाय डबल अ‍ॅक्शनचा, म्हणजे एकाच ओढीत घोडा चढवून सोडणारा, ट्रिगर जड. क्लबच्या जुन्या .३२ वर डमी काडतुसं घालून, नळीवर माशीच्या मागे रुपया ठेवून सराव चाललाय. ट्रिगर सुटतो त्या क्षणी नळीचं टोक उजवीकडे खाली झुकतं आणि रुपया घरंगळतो. बोट पहिल्या पेराच्या सांध्यापर्यंत ट्रिगरवर ठेवलं की बराच टिकतो.

नव्यांसाठी एक: दुकानात नुसतं ‘.३२ द्या’ म्हणू नका. पिस्तुलाचं काडतूस एसीपी वेगळं, रिव्हॉल्व्हरचं एस अँड डब्ल्यू लाँग वेगळं. एकाचं दुसऱ्यात चालवायचं नाही.

तर निर्भीकच, जवळजवळ नक्की. डाव्या कमरेचा होल्स्टर तयार मिळेना, म्हणून चामड्याचा शिवून घेतोय. ट्रिगर गार्ड पूर्ण झाकणारा हवा, एवढीच अट घातलीय. डावरे कोणी असाल तर पट्ट्याला तो किती तिरका लावता, तेवढं कळवा.