दहा लाखांचा मेसेज
चतुर्थीच्या आदल्या दिवशी माटोळीचं (गणपतीवर टांगायच्या फळा-पानांचं) सामान घ्यायला फोंड्याच्या बाजारात गेले होते तर आमच्या वाड्यावरची वहिनी भेटली. बाजूला ओढून मोबाईल दाखवला, व्हॉट्सॲपवर मेसेज, सरोगेट आई (दुसऱ्या जोडप्याचं मूल पोटात वाढवणारी) पाहिजे, दहा लाख, राहणं-खाणं फुकट. "बाय, तू वकिलाकडे कामाला ना गो, हे खरं काय?" तिचं कुंडईच्या फॅक्टरीत कॉन्ट्रॅक्टवर काम, दोन पोरं, घराचा हप्ता, हसायचं तरी कसं.

म्हटलं वहिनी, पैसे घेऊन हे करताच येत नाही. २५ जानेवारी २०२२ ला सरोगसीचा कायदा लागू झाला तेव्हापासून फक्त विनामोबदला. दवाखान्याचा खर्च नि ३६ महिन्यांचा विमा जोडप्याने करायचा, पण नऊ महिन्यांचा मोबदला म्हणून तुझ्या हातात काही नाही. पूर्वी परदेशातली जोडपी गुजरातेत आणंदला यायची तेव्हा बायकांना पैसे मिळायचे, हा मेसेज त्या काळातला वाटतो नाहीतर सरळ फसवणूक. आता असला धंदा केला तर १० वर्षांपर्यंत कैद नि १० लाखांपर्यंत दंड.

आणि फुकट करायचं म्हटलं तरी कोणीही उठून करू शकत नाही. लग्न झालेलं हवं (विधवा, घटस्फोटित चालते), स्वतःचं मूल हवं, गर्भ गर्भाशयात सोडतात त्या दिवशी वय २५ ते ३५, स्वतःचं स्त्रीबीज द्यायचं नाही, शरीराने नि मनाने फिट असल्याचं सर्टिफिकेट, आणि आयुष्यात एकदाच. मूल कोणाचं ते मॅजिस्ट्रेटच्या ऑर्डरने आधीच ठरतं. गर्भ आत सोडेपर्यंत बाई नको म्हणू शकते, हे एक मला आवडलं.

बाकी मला हा कायदा अर्धाच पटतो. एजंट बायकांना लुटायचे ते थांबायलाच हवं होतं, पण आता डॉक्टर फी घेणार, वकील घेणार (आमचे साहेब तर आगाऊ घेतात), आणि पोटात वाढवणारीनेच तेवढा दानधर्म करायचा?

वहिनी सदतीसची, म्हणजे विषयच संपला. तरी जाता जाता सांगितलं की असल्या भानगडीत कोर्ट आधी धरूनच चालतं की बाईला नवऱ्याने नाहीतर जोडप्याने, नातेवाइकांनी भाग पाडलं, उलटं सिद्ध त्यांनी करायचं. ती खो खो हसायला लागली. "त्याला? त्याला मी अजून सांगितलंच नाही गो!"

मग सुपारीच्या कात्र्याचा (घोसाचा) भाव करायला वळली, आणि परत फिरून हळूच, "माझी धाकटी बहीण एकतीसची आहे हां."