ताळा पाय बे!

स्मरणिकेसाठी काहीतरी लिहून द्या म्हणून फोन आला तेव्हा पहिले तर मी टाळलंच, कारण आपण काही शाळेतले हुशार नव्हतो, बक्षीस म्हणाल तर एकदा लिंबू-चमच्यात मिळालं तेवढंच. पण कॉम्प्युटरच्या खोलीवर कोणीतरी लिहायला पाहिजे आणि त्या खोलीत सगळ्यात जास्त बोलणी मीच खाल्ली, म्हणून लिहितो.

१९९४ची गोष्ट, मी नववीत. सगळ्या पुसद तालुक्यातल्या शाळांचं मला माहीत नाही पण आमच्यासाठी तो पहिलाच कॉम्प्युटर. हिरव्या अक्षरांचा पडदा, मोठी पातळ फ्लॉपी, तिच्यात ३६० केबी मावायचं आणि तेवढं आयुष्याला पुरेल असं वाटायचं. चपला बाहेर काढायच्या, हात धुवून यायचं, मग जीडब्ल्यू बेसिक, म्हणजे प्रोग्राम लिहायची भाषा. गणिताचे सरच शिकवायचे. ते रात्री घरी बसून प्रोग्राम लिहायचे, स्टेन्सिल कापून सायक्लोस्टाईल काढायचे आणि आम्ही तो कागद पाहून एकेक अक्षर शोधत टाईप करायचो. चूक तर होणारच. शून्याच्या जागी इंग्रजी ओ, कुठं कॉमा गेला, कुठं दोन अक्षरं उलटी. रन केलं की सिंटॅक्स एरर, आणि ती एरर आली तर नशीब, कारण कधी कधी एरर न येता उत्तरच चुकीचं यायचं आणि मग चाळीस पोट्टे एका पडद्यावर डोळे लावून चूक शोधत बसायचे. त्यात लाईन जायची. "सर, लाईन गेली!" ओरडलं की अंधारातून सरांचा आवाज, "कोणती बे? चाळीसवी का खांबावरची?"

यावर सरांनी जो उपाय काढला तो मला आजही भारी वाटतो. टाईप केलेला प्रोग्राम सेव्ह करताना शेवटी कॉमा ए टाकायचा, म्हणजे तो साध्या अक्षरांत फ्लॉपीवर उतरतो. मग सरांचा छोटा प्रोग्राम ती फाईल उघडून एकेक ओळ वाचणार, ओळीतल्या प्रत्येक अक्षराचा कॉम्प्युटरमधला ठरलेला नंबर काढणार (मिड-डॉलरनं अक्षर उचलायचं, एएससीनं नंबर) आणि बेरीज दाखवणार. तीच बेरीज सरांच्या कागदावर ओळीच्या उजवीकडे पेनानं लिहिलेली. जुळली तर ओळ बरोबर, नाही तर तेवढीच ओळ पाहायची. पुस्तकात याला चेकसम म्हणतात, सर म्हणायचे ताळा, "ताळा पाय" म्हणजे ताळा पाहा. गुणाकाराचा ताळा पाहतो तसा अक्षरांचा ताळा. ओ ७९चा आणि शून्य ४८चं, त्यामुळे ती चूक लगेच पकडली जायची. एक स्पेस जास्तीची पडली तरी ३२नं फरक. सुरुवातीला एक गंमत अशी झाली की ओळ वाचायला साधं इनपुट वापरलं होतं, ते कॉमा दिसला की ओळ तिथंच तोडायचं आणि आमच्या वीस ओळींच्या तेहतीस व्हायच्या, मग सरांनी पूर्ण ओळ एकदम उचलणारं लाईन इनपुट टाकलं.

पण उलटी झालेली अक्षरं काही सापडेनात. सरांनी फळ्यावर रमा आणि अमर लिहिलं, इंग्रजीत. (या नावांचं वर्गात कोणी नव्हतं म्हणून मुद्दाम घेतली असणार, नाहीतर वर्षभर चिडवाचिडवी झाली असती.) दोघांची बेरीज २८९. अक्षरं तीच, जागा वेगळ्या, बेरजेला काय कळणार? मग पहिल्या अक्षराला एकनं गुणायचं, दुसऱ्याला दोननं, असं करत गेलो तर रमा आली ७०३ आणि अमर ७४२.

त्याच आठवड्यात आमच्या घरी कापसाच्या पैशाची भानगड चालू होती. बाबांनी बैलबंडी नेली होती, केंद्राचं नाव कशाला घ्या, काट्याच्या चिठ्ठीवर ४.६३ क्विंटल आणि पैशाच्या पावतीवर ४.३६. माझं लक्ष गेलं, मी दोन्ही कागद शाळेत नेले. सर म्हणाले फरक किती, २७ किलो, नऊनं भाग जातो ना? मग कोणीतरी आकडे उलटे लिहिले असतील, हिशोब करणारे पहिले हेच पाहतात. बाबांना तीन चकरा पडल्या पण पैसे मिळाले, आणि त्यानंतर मी शेतावर न जाता कॉम्प्युटरच्या खोलीत बसलो तरी बाबा काही बोलायचे नाहीत!

गुणाकार आला तसं नवीन दुखणं आलं. लहान ओळी व्यवस्थित चालायच्या, तीस-पस्तीस अक्षरांच्या पुढे गेलं की "ओव्हरफ्लो" येऊन प्रोग्राम बंद. आम्हाला ओव्हरफ्लो म्हटलं की पूस धरणच माहीत. सरांनी बेरीज ठेवायला टक्केवाला एस (S%, म्हणजे फक्त पूर्णांक ठेवायची जागा) घेतला होता आणि त्यात ३२७६७च्या वर मावत नाही. मग दर अक्षरानंतर मॉड २५६ करायचं ठरलं, म्हणजे २५६नं भागून फक्त बाकी ठेवायची. तरी भरणार नाही कशावरून, असं मी विचारलं (मी विचारलं हे लिहून ठेवा). सरांनी तिथंच खडू घेतला. ओळ जास्तीत जास्त २५५ अक्षरांची, अक्षराचा नंबर जास्तीत जास्त १२७, गुणाकार ३२३८५, आधीची बाकी फार तर २५५, झाले ३२६४०. "मावते का नाही?" मावत होतं, १२७ वाचवून.

आता माझं पुसदला ऑनलाईन कामाचं दुकान आहे, दिवसभर लोकांचे आधार नंबर टाकतो. त्या बारा आकड्यांतला शेवटचा आकडा पण ताळ्याचाच असतो, पद्धत सरांच्यापेक्षा अवघड आहे पण शेजारचे दोन आकडे उलटे झाले तर हमखास पकडते. मागच्या नोव्हेंबरात सर स्वतः आले, हयातीचा दाखला काढायला. काठी टेकवून समोर बसले, मला ओळखलं का नाही ते समजेना, नंबर सांगत गेले, मी घाईत मारत गेलो आणि पडद्यावर लाल अक्षरांत इनव्हॅलिड. मी म्हटलं सर, परत एकदा सांगता का, मशीन घेत नाहीये.

सरांनी चष्मा वर केला. "मशीन बरोबर आहे. दोन आकडे उलटे मारले तू, पोट्ट्या. ताळा पाय."