मारुती ८००चा बैल

ताई दरवर्षी म्हणते तान्ह्या पोळ्याला ये आणि दरवर्षी माझं काहीतरी अडतं, पण यावेळी भाच्याचाच फोन आला, "मामा, आम्ही बाबांच्या जुन्या मारुतीचा बैल बनवून राहिलो, तू येच." मग काय, नाशिकहून रात्रीची विदर्भ एक्स्प्रेस धरली आणि पोळ्याच्या आदल्या दिवशी सकाळी नागपुरात. स्टेशनबाहेर तर्री पोहे खाल्ले आणि थेट मानेवाडा.

तान्हा पोळा म्हणजे पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी लहान पोरांचा पोळा. लाकडी बैल सजवायचे, दोरीने ओढत घरोघर न्यायचे, लोक पोरांना बोजारा देतात म्हणजे पैसे किंवा खाऊ. यावर्षी कॉलनीतल्या मोठ्या पोरांनी ठरवलं की लहानांच्या बैलांमागे आपल्या चार गाड्याही सजवून काढायच्या. डोक्यात आलं कुठून, तर अमेरिकेतल्या ह्यूस्टन शहरात १९८८ पासून आर्ट कार परेड निघते तिचे व्हिडिओ बघून. तिकडे एका बाईने जुन्या फोर्ड गाडीवर प्लास्टिकची फळं चिकटवलेली ती फ्रूटमोबिल पोरांनी मला तीन वेळा दाखवली. फक्त तिकडची मंडळी गाडी कायमचीच रंगवून टाकतात, आपल्याकडे रंग बदलला की आरटीओत जाऊन आरसी बुकवर चढवावा लागतो, म्हणून पोरांनी नियम केला, जे करायचं ते दुसऱ्या दिवशी निघालं पाहिजे. पोस्टर कलरमध्ये भांड्यांचं लिक्विड मिसळायचं, म्हणजे गुळगुळीत पत्र्यावर रंग धरतो पण आणि पाण्याने जातो पण.

ओम्नीचं संत्रं झालं होतं, अल्टोचा वाघ, वॅगन आरचा मोर. छान होते तिन्ही. पण मी दोन दिवस बैलापाशीच बसून होतो.

या पोरांतल्या एकानेही आधी असलं काही केलेलं नाही. शिंगं पहिल्यांदा पुठ्ठ्याची केली ती पावसात लोळागोळा झाली. मग महाल भागातल्या चितार ओळीत, म्हणजे मूर्तिकारांच्या गल्लीत गेले, तिथे गणपतीची गर्दी ऐन भरात, चौथ तोंडावर, तरी एका मूर्तिकाराने हातातलं काम थांबवून समजावलं की बांबूच्या कमच्यांचा सांगाडा करा, वर मैद्याच्या खळीने कागद लावा, आणि एक थर पूर्ण वाळल्याशिवाय दुसरा लावू नका. तशी केलेली शिंगं मी कॅरिअरवर बांधू लागलो, दोन्ही मिळून एका हातात उचलली जात होती! गांधीबागेतून पांढरं कापड, इतवारीतून बेगड, कान म्हणून दोन सुपं, आणि डोळे म्हणजे हेडलाइट, त्यांच्याभोवती काजळासारखी जाड काळी रेघ.

त्या संध्याकाळी खांदशेकणी होती, म्हणजे पोळ्याच्या आदल्या दिवशी बैलांच्या खांद्यांना हळदतूप चोळायचं. ताईच्या सासूबाई, ज्यांना अख्खी कॉलनी आजी म्हणते, वाटीत हळद न् तूप घेऊन खाली आल्या. काटोलकडे त्यांची शेती आहे, बैलजोडी विकून आता बरीच वर्षं झाली, ट्रॅक्टर आला. त्यांनी पुढच्या दोन्ही चाकांच्या वरच्या पत्र्याला, म्हणजे खांद्यालाच म्हणा ना, हळदतूप चोळलं आणि हळू आवाजात म्हणाल्या, "आज आवतन घ्या, उद्या जेवाले या." पोरं एकदम गप्प झाली. मलाही काही बोलवेना.

पोळ्याच्या दिवशी ट्रायल घेतली आणि घोळ झाला. तोंडासाठी जाड कापड थेट ग्रिलवरून ताणून बसवलेलं, गाडी माणसाच्या चालीने गल्लीत फिरवली, दहा मिनिटांत तापमानाचा काटा वर. कोपऱ्यावरचे मेकॅनिक काका धावत आले, "बंद करा आधी! अरे श्वास कोंडून राहिला ना तिचा!" मग त्यांनी नीट सांगितलं, गाडी वेगात असते तेव्हा समोरचा वारा रेडिएटरला आपोआप मिळतो, इतक्या हळू चालीत सगळी भिस्त पंख्यावर, आणि तुम्ही तर त्याचं तोंडच बांधलं. आणि नंबर प्लेट पण उघडी ठेवा म्हणाले.

मला वाटलं आता चेहरा जातो. पण भाच्याची एक मैत्रीण खडू घेऊन खाली बसली, ग्रिलसमोर ताटाएवढ्या दोन नाकपुड्या आखल्या, कापल्या, काठ काळ्या ब्लाउजपीसने शिवले आणि मागून मच्छरदाणीची जाळी लावली. खालचा जबडाही मोकळा सोडला. खरं सांगतो, आधीचा चेहरा नुसता कापडाचा होता, तो बैल झाला या नाकपुड्यांनी. पुन्हा अर्धा तास फिरवली, काटा जागचा हलला नाही.

तान्ह्या पोळ्याच्या सकाळी सगळे मारबत बघायला गेलो, म्हणजे इडापिडा घेऊन जाणाऱ्या मोठ्या पुतळ्यांची मिरवणूक. काळी मारबत १८८१ पासूनची, पिवळी १८८५ पासूनची, दोघी इतवारीत समोरासमोर येतात तेव्हा "घेऊन जा गे मारबत" असा जो काही आवाज उठतो तो अंगावर येतो. सोबत बडगे, म्हणजे त्या त्या वर्षीच्या प्रश्नांवरचे पुतळे. पोरं मात्र बांबू कुठे बांधलाय, कापड कसं ताणलंय तेच बघत होती.

संध्याकाळी पाऊस थांबला. पुढे चिमुकले लाकडी बैल, चाकं खडखडवत, मागे आमचा, गळ्यात घुंगरमाळ, पाठीवर आजीच्या जुन्या नऊवारीची झूल, टो हुकातून काढलेली वेसण भाच्याच्या हातात. स्टिअरिंगवर मेकॅनिक काका, कारण वेग राखणं त्यांनाच जमणार होतं. लोक बोजारा वायपरखाली खोचत होते, दहाच्या नोटा, वीसच्या नोटा.

आमच्या दारापुढे आजी ताट घेऊन उभ्याच होत्या. ओवाळलं, पुरणपोळीचा घास मोडून तोंडापाशी धरला. त्याच वेळी आत पंखा सुरू झाला आणि त्यांच्या पदराचं टोक अलगद ओढलं जाऊन नाकपुडीच्या जाळीला चिकटलं.

"वास घेतला पाय त्यानं," आजी म्हणाल्या, आणि पदर तसाच राहू दिला.